काळ्याकडून

रविवारी सांगलीत पहिल्याच फेरीला काळी मोहरी.
समोर पाच्छापुरेंचा अक्षर, इचलकरंजीचा,
वय अकरा. खुर्चीवर गुडघे टेकून बसतो,
राजासमोरचं प्यादं दोन घरं ढकलतो
आणि लगेच खिडकीबाहेर बघतो.
मागच्या वेळी तेविसाव्या चालीला मात दिली,
मग खिशातून पेढा काढून दिला:
त्या दिवशी त्याचा वाढदिवस होता.

मी काय उत्तर द्यायचं, बुधवारपासून ठरत नाही.

दिवसभर उद्यमनगरात व्हॉल्व्ह गाइड मोजते.
डायल गेजचा काटा एक रेघ जास्त हलला
की पेटी परत.
सैल चालत नाही, घट्टही चालत नाही.
दांडा आत सरकला पाहिजे
आणि मध्ये तेलाचा पापुद्रा तेवढा राहिला पाहिजे.
असा एखादा बचाव असेल का कुठं,
एवढंच माझं मागणं.

सिसिलियन दोन वर्षं खेळले.
पंधरा पंधरा चाली पाठ, भाकरी थापताना पुटपुटत,
आणि सोळाव्या चालीला एखाद्या पोरानं
पुस्तकात नसलेलं काहीतरी केलं
की मी भर महाद्वार रोडवर
चपलेचा अंगठा तुटल्यासारखी उभी.
मग कारो-कान. भिंत पक्की,
पण दार कुठं ठेवलंय ते मलाच सापडेना.
अर्धा गुण, पुन्हा अर्धा गुण,
चिल्लरनं जड झालेली पर्स.

शेवटी गंगावेशीत बाबालाल मुजावरांकडं गेले.
टायरच्या दुकानावरची खोली, सहा पट, एक पंखा.
तरुणपणी ते पट काढायचे, आता पट मांडतात;
कान अजून तेच, मातीत चुरगळलेले.

"पांढऱ्यानं हात आधी घातलेला असतोय, पोरी.
त्यो सोडवत बसलीस तर कुस्ती त्याचीच.
येऊ दे की त्याला पुढं.
जेवढा पुढं येतोय तेवढं मागचं उघडं पडतंय.
फक्त तुझं पाय रोवल्यालं पायजेत."

आणि राजासमोरचं प्यादं
त्यांनी एकच घर सरकवलं.

फ्रेंच.
इतकी लहान चाल. कडी न काढता
फटीतून कोण आलंय बघावं, तशी.
पण पुढच्याच चालीला वजिराचं प्यादं उघड्यावर,
आणि त्याच्या पुढच्या चालीला सी पाच:
तुझा मांडव उभा राहतोय तोवर
खांबालाच हात.

खोट एकच. पांढऱ्या घरांवरचा माझा उंट
माझ्याच प्याद्यांमागं कोंडून बसतो.
पुस्तकं त्याला सरळ वाईट उंट म्हणतात.
मी त्याच्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं असणार.
पहिली स्पर्धा खेळले तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते.

"ह्याचं काय करायचं?"
मुजावरांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली.
"त्याला कुठं घाई हाय?"

गुरुवार, शुक्रवार, जेवणं उरकल्यावर ओट्यावरच पट मांडला.
उंट डी सातवर. तिथून ई आठवर,
राजाच्या घरात, पाहुण्यासारखा अवघडून.
मग एकदम तिरकी लांब उडी, एच पाच,
पांढऱ्याच्या घोड्याच्या तोंडासमोर.
तीन चाली.
पहिल्या दोन बघणाऱ्याला वायाच गेल्यासारख्या वाटतात.
शनिवारी गेज हातात असताना
मला त्याच दोन आठवत होत्या.

सव्वासहाची एसटी, जयसिंगपूरला दहा मिनिटं थांबलेली.
हॉलमध्ये फिनेलचा वास.
अक्षरनं हात मिळवला, गुडघे वर घेतले,
प्यादं दोन घरं,
आणि नजर खिडकीबाहेर, कुठल्याशा पतंगाकडं.

मी दोन बोटांनी
एकच घर.
घड्याळ दाबलं.

पतंग तिथंच होता.
अक्षर परत आला पटाकडं,
आणि त्यानं एक गुडघा
खाली घेतला.